लाल दिवा विझला नव्हता

घरात कुठलंही यंत्र वाजलं की ते कुठल्या खोलीत वाजलं हे बघायला मी उठते. मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरातच असतो, तो काही गच्चीवर जाऊन वाजणार नाही, हे मला कळतं. तरी मी उठते, त्याच्यासमोर उभी राहते, दिवा विझलाय ना ते बघते आणि मग परत येऊन बसते. मुलगा वैतागतो. "मम्मी, बैठो ना, हो गया," म्हणतो. हे "हो गया" कानावर पडलं की मी आणखी एकदा दिवा बघून येते. त्याला कारण माहीत नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. पूर्ण मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

राज्य नवीन होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं, पण राजधानीला बसायला जागा कुठे होती? शंकर नगरात आमचं कार्यालय एका भाड्याच्या बंगल्यात थाटलं होतं. साहेब बेडरूममध्ये, आम्ही पाच जणी हॉलमध्ये आणि जुन्या फायली न्हाणीघरात. फाइल काढायला जाणाऱ्यानं आधी नळ नीट बंद आहे ना ते बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. अशा त्या दिवसांत नव्या राज्याची विधानसभेची निवडणूक आली, आणि मतदान सगळीकडे मशीनवर होणार असं कळलं.

निवडणुकीची ड्युटी म्हटली की सरकारी माणसाला एकदम सगळे आजार आठवतात. कुणाची कंबर धरते, कुणाची साखर वाढते, कुणाच्या सासूला नेमका त्याच आठवड्यात झटका येतो. आमच्या कार्यालयात त्या महिन्यात धडधाकट अशी मी एकटीच उरले होते. बायकांना फारशी सक्ती नव्हती, पण बायका मतदारांसाठी शहरातल्या केंद्रांवर काही बायका हव्या होत्या. मी आपणहून नाव दिलं.

नवरा जेवता जेवता थांबला. "काहून नाव दिलं तू? सगळे ड्युटी कटवून राहिले, अन् तू मांगून घेऊन राहिली! तुले का मेडल भेटणार हाय का?"

मेडल नको होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या हाताच्या वेगाचा गर्व होता. कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर सगळ्यात आधी बसले ती मी. हळू काम करणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरायचं. बँकेतल्या कॅशियरला, रेशनच्या दुकानातल्या माणसाला, स्वतःच्या आईलासुद्धा मी "आण इकडे, मी करते" म्हणून बाजूला सारलेलं आहे. मला वाटलं, मतदान केंद्र कसं चालवतात ते या लोकांना एकदा दाखवून द्यावं.

प्रशिक्षण एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. स्टेजवर मशीन. मशीनचे दोन भाग असतात. एक पेटी मतदारासमोर, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. तिच्यावर उमेदवारांची नावं, चिन्हं आणि प्रत्येकापुढे एक निळं बटण. दुसरी पेटी कर्मचाऱ्याच्या टेबलावर. दोघींच्या मधे एक लांब वायर. कर्मचाऱ्यानं आपल्या पेटीचं बटण दाबलं की तिच्यावर लाल दिवा लागतो आणि आतली पेटी एका मतासाठी उघडते. मतदारानं निळं बटण दाबलं की "टीं" असा लांब आवाज येतो, लाल दिवा विझतो, मत पडलं. इतकंच.

मी हात वर केला. "सर, ज्यांनी आयुष्यभर कागदावर ठप्पा मारला ते चित्रावरच बोट ठेवतील. बटण बाजूला आहे हे त्यांना कसं कळणार?"

"समझा देना मैडम."

"आत तर जायचं नाही म्हणता. बाहेरून कसं समजवायचं?"

"मैडम, आवाज आया तो वोट पड़ा, नहीं आया तो नहीं पड़ा. सिंपल है."

मी आणखी दोन प्रश्न विचारले. बटण फार कडक आहे, म्हाताऱ्या बोटाला दबेल का? घुंघट घेतलेल्या बाईला आडोशाच्या अंधारात काय दिसणार? मागच्या रांगेतून कुणीतरी "सवालवाली मैडम" म्हणालं आणि हॉल हसला. ते नाव मला चिकटलं. मला त्याचा रागही आला आणि थोडं बरंही वाटलं, कारण मीच काय ती विचार करणारी, असं माझं तेव्हाचं मत होतं.

आमचं केंद्र तेलीबांध्याच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत होतं. तलावाच्या काठानं तेव्हा पारा होता, कौलारू घरांची दाट वस्ती. शाळेच्या दोन खोल्यांत दोन केंद्रं, शेजारी शेजारी. मधलं दार बाक लावून बंद केलेलं, पण वर झरोका उघडाच. आमच्या केंद्राचे प्रमुख मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत नोकरीला. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. सकाळी मशीनचं सील तोडण्याआधी त्यांनी दोन्ही हात रुमालाला पुसले. म्हणाले, "ताई, आमच्या आजोबाले गावात पंचायतीच्या ओट्यावर चढू नव्हते देत. आज मी हे उघडून राहिलो." एवढंच बोलले आणि कामाला लागले.

माझ्याकडे टेबलावरची पेटी आली. पहिला कर्मचारी यादीत नाव बघून मोठ्यानं पुकारायचा, दुसरा बोटाला शाई लावून रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि तिसरी मी. चिठ्ठी घ्यायची, बटण दाबायचं, "टीं" ऐकायचं, पुढचा. समोर भिंतीशी पक्षांचे एजंट बसलेले.

सकाळभर मी विचारलेले सगळे प्रश्न एकेक करून त्या पुठ्ठ्यामागे जात होते आणि मी ते नुसती बघत होते. एका म्हाताऱ्यानं बाहेर डोकं काढून विचारलं, "ठप्पा कहाँ रखे हव?" एकानं चिन्हाला हात जोडले आणि तसाच बाहेर यायला निघाला. एका नव्या नवरीनं दिव्यालाच बटण समजून तो इतक्या जोरात दाबला की पेटी टेबलावर सरकली. केंद्रप्रमुख दर वेळी दारातल्या नमुन्याच्या कागदावर बोट ठेवून पुन्हा समजावत होते, न चिडता. मी चिडत होते. प्रश्न विचारताना मला या माणसांची कणव होती, आणि आता ती माणसं समोर आली तेव्हा त्यांच्यामुळे माझी रांग तुंबत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला ती आली. सत्तरीची असेल. हातभर गोंदण, पायात चांदीचे तोडे, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिचा मुलगा तिचा दंड धरून होता. तो सकाळपासून बाहेर एका पक्षाच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या वाटत होता. आमच्या खोलीत बसलेल्या त्याच्या पक्षाच्या एजंटाला पाणी द्यायला दोनदा आतही डोकावला होता. म्हणाला, "इनको दिखता नहीं साहब, मैं साथ में जाऊँगा."

न दिसणाऱ्या मतदाराबरोबर सोबती जाऊ शकतो, तसा नियम आहे. केंद्रप्रमुखांनी तिलाच विचारलं. "अम्मा, बेटे को साथ भेजें?"

ती म्हणाली, "नहीं साहब. हर बखत ठप्पा एही मारथे. ए दारी मैं अपन हाथ ले दबाहूं."

दर वेळी शिक्का हाच मारतो, या वेळी मी माझ्या हातानं दाबणार. एजंट हसले. मुलगा लाल झाला, काहीतरी बोलणार होता, पण केंद्रप्रमुखांनी त्याला दाराबाहेर उभं केलं आणि म्हातारीला स्वतः नमुन्याच्या कागदाजवळ घेऊन गेले. तिचं बोट धरून चित्रावरून सरकवत निळ्या बटणापर्यंत नेलं. "ये वाला, अम्मा. जोर से. आवाज आएगी." तिनं मान डोलावली आणि ते बोट तसंच पुढे धरून ती आत गेली. ते बोट हरवेल अशी तिला भीती असावी.

मी बटण दाबलं. लाल दिवा लागला.

पुठ्ठा टेबलावर होता, त्यामुळे टेबलाखालून मला तिचे पाय दिसत होते. आधी ते सरळ होते. मग टाचा उचलल्या. ती वाकून चांगला डोळा पेटीजवळ नेत असावी. मग एक पाऊल डावीकडे, परत उजवीकडे. आवाज नाही. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सो गई क्या?" एजंटांनी घड्याळं बघितली. कामावरून परतलेली माणसं दारात दाटली होती आणि मी तोंडानं "च्" केलं. ते "च्" तिला ऐकू गेलं असेल का, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल त्याला गणती नाही.

आणि मग "टीं" वाजलं.

आतून तिनं विचारलं, "हो गे का बेटी?"

"हव अम्मा, हो गया," मी म्हणाले.

ती बाहेर आली. वरचे दात नव्हते, पण ती पूर्ण हसत होती. तिनं पुठ्ठ्याला हात जोडले, मग मला जोडले, आणि भिंत चाचपत दाराकडे निघाली. पुढचा माणूस घाईत होता. ती बाजूला होते न होते तोच तो आत शिरला. मी बटणाकडे हात नेला आणि माझी नजर दिव्यावर गेली.

लाल दिवा विझला नव्हता.

आवाज शेजारच्या खोलीतल्या मशीनचा होता. झरोक्यातून आलेला.

आता यातली खरी गोष्ट सांगते. आपल्या मशीनचा आवाज माझ्या हाताखालच्या पेटीतून यायचा. टेबलाच्या फळीतून तो मनगटाला कळायचा. शेजारचा वरून यायचा, जरा पातळ. सकाळी आठपासून मी दोन्ही ऐकत होते. तीन वाजेपर्यंत मला त्यांतला फरक पाठ झाला होता. मग "हो गया" म्हणताना मला माहीत होतं की नव्हतं? कधी वाटतं, नव्हतं, घाईत फसगत झाली. आणि कधी, विशेषतः एकटी असले की, वाटतं की माहीत होतं. मला फक्त तिनं तिथून निघायला हवं होतं, आणि आवाजाचं निमित्त मिळालं. हे मी आजही ठरवू शकलेली नाही.

पण पुढच्या तीन-चार क्षणांबद्दल काही ठरवायचं शिल्लक नाही. ती अजून दारातच होती. मी हाक मारली असती तर तिला ऐकू आली असती. आत गेलेल्या माणसाला "थांबा" म्हणता आलं असतं. पण मग एजंट उठले असते, मशीनवर आक्षेप आला असता, केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं असतं, सवालवाली मैडमनं घोळ घातला. हे सगळं त्या चार क्षणांत मला सुचलं. हाक तेवढी सुचली नाही. मग आत त्या माणसानं तिच्यासाठी उघडलेल्या पेटीवर आपलं बटण दाबलं, आमचं मशीन वाजलं, दिवा विझला. त्याच्यासाठी मला वेगळं बटण दाबावंच लागलं नाही. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

त्यानंतर दोन तास मी इतकं नीट काम केलं की केंद्रप्रमुखांनी माझं कौतुक केलं. पण त्या टेबलाखाली मला सारखे तोडे दिसत होते. बूट घातलेला माणूस आत असला तरी दिसत होते. ती आतच राहिली आहे आणि मी तिच्या अंगावरून एकेकाला आत पाठवते आहे असं वाटत होतं.

पाच वाजता मतदान बंद झालं. केंद्रप्रमुखांनी मशीनवरचा आकडा वाचला, रजिस्टरमधल्या नोंदी मोजल्या, पुन्हा मोजल्या. "ताई, एक मत कमी येऊन राहिलं."

दुसरा कर्मचारी म्हणाला की कुणीतरी मत न देताच गेला असेल, कुणाच्याही नावापुढे लिहून टाका, सुटलो. तसा रकानाच असतो. केंद्रप्रमुख ताठ झाले. "कोणाच्याही नावापुढे नाही लिहिता येत. ज्याचं असंल त्याच्याच पुढे लिवा लागते. ताई, तुमच्या ध्यानात हाय का कोणी?"

माझ्या ध्यानात होतं. मी रजिस्टर ओढून घेतलं आणि पानावर तिचा अंगठा दाखवला. शाईचा, थोडा फिसकटलेला.

"ते डोकरी?" त्यांचा विश्वास बसेना. "ते तर किती खुशीत गेली. आपल्या मनानं गेली का ते, न दाबता?"

"हो," मी म्हणाले. "आपल्या मनानं."

त्यांनी अंगठ्यासमोरचं नाव पुन्हा एकदा यादीशी ताडून बघितलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मी हिंदीत लिहिलं, "बिना मतदान किए चली गई." माझ्या वळणदार अक्षरात. खाली त्यांनी सही केली. साध्या माणसानं माझ्या शब्दावर केलेली ती सही आठवली की मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावंसं वाटतं. पण ते नंतर कधी भेटले नाहीत.

निकाल लागला, राज्यात सरकार बसलं, आमच्या न्हाणीघरातल्या फायलींना कपाटं आली. मला मात्र त्या बाईनं सोडलं नाही. सदर बाजारात कुणा म्हातारीच्या पायात तोडे दिसले की मी दुकानात शिरायची. देवाला हात जोडले की मला पुठ्ठ्याला हात जोडणारी ती दिसायची. नवऱ्याला मी इतकंच सांगितलं होतं की माझ्या हातून एक मत गेलं. तो म्हणाला, "एका मतानं का होते? हजारोनं निवडून आला तो." बरोबर होतं. पण मला निवडून येणाऱ्याशी काही घेणं नव्हतं. एका बाईनं आयुष्यात एकदाच "आण इकडे, मी करते" म्हणणाऱ्यांना बाजूला सारलं होतं, आणि नेमकी त्याच वेळी समोर मी बसले होते.

जानेवारीत एका रविवारी दुपारी मी स्कूटी काढली आणि पाऱ्यात गेले. यादीतला घर नंबर मला पाठ होता. तिला सगळं सांगून टाकायचं, ती शिव्या देईल त्या घ्यायच्या, असं ठरवून गेले होते.

ती अंगणात उन्हात बसली होती. मुलगा दारातच रिक्षा धूत होता. मी "अम्मा" म्हटलं मात्र, तिनं माझ्याकडे न बघताच ओळखलं. "मशीन वाली बेटी!" आणि लगेच माझा हात घट्ट धरला. जणू माझीच वाट बघत होती. "बने होइस तैं आ गेस. एला बता. मैं दबाए रहेंव कि नहीं?"

बरं झालं आलीस, याला सांग, मी दाबलं होतं की नाही. ती हे का विचारते ते मला कळेना. मुलगा हसायला लागला. त्यानं फडकं पिळलं आणि मला समजावलं. अम्मानं मतदानाहून आल्या आल्या सगळ्या पाऱ्याला सांगितलं होतं की मी मुलाच्या पक्षाला मत दिलं नाही. तिनं दिलं होतं एका अपक्षाला. तलावापलीकडे राहणारा, पंक्चर काढणारा माणूस. अर्ज भरला तेव्हाही लोक हसले होते. म्हाताऱ्याची, म्हणजे तिच्या नवऱ्याची तिरडी निघाली तेव्हा मुलगा परगावी होता आणि पाऱ्यात चार माणसं जमेनात. तो पंक्चरवाला रस्त्यानं जात होता. सायकल टाकून आला आणि स्मशानापर्यंत खांदा देऊन गेला. नाव न सांगताच परत गेला. तिनं शोधून काढलं होतं.

"अब सुनो मैडम," मुलगा म्हणाला. "एक-एक बूथ का हिसाब पार्टी के पास आता है. हमारे बूथ में उस आदमी को मिला शून्य. एक भी नहीं! तो अम्मा का वोट कहाँ गया? हमको ही आया. दिखता तो है नहीं, ऊपर वाला बटन दब गया होगा." तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच गंमत वाटत होती. "तब से मुँह फुलाए बैठी हैं. बात नहीं करतीं."

"ओला नइ देहेंव," म्हातारी म्हणाली. त्यांना नाही दिलं मी. तिचा आवाज चिरकला. "बेटी, तैं उहां बइठे रहे. तैं बता."

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी कबुली द्यायला आले होते आणि माझ्याकडे साक्ष मागितली जात होती. खरं बोलले तर मुलगा आणखी हसेल: अम्माला बटणच दाबता आलं नाही. मी म्हणाले, "आवाज आया था. मैंने सुना." हे खोटं नव्हतं, आणि मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोललेले नाही.

"आवाज तो आएगा ही," मुलगा म्हणाला. "हमारे वाले का आया." तो हसत रिक्षात बसला, किक मारली आणि चौकाकडे निघून गेला.

अंगणात आम्ही दोघीच उरलो. तिनं माझा हात सोडला नव्हता. रिक्षेचा आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबली. मग हळू आवाजात विचारलं, "बेटी, वो आवाज त बाजू के खोली ले आए रिहिस न?"

हिला दिसत कमी होतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्या पुठ्ठ्यामागे उभ्या उभ्या तिनं ते ओळखलं होतं.

"तैं कहे हो गे, त मैं निकल गेंव," ती म्हणाली. तू झालं म्हणालीस, म्हणून मी निघाले. त्यात ठपका नव्हता. सरकारी टेबलामागची, शिकलेली बाई झालं म्हणते तर झालंच असणार. आपल्या कानापेक्षा तिच्या शब्दाला तिनं जास्त मानलं होतं.

"हव, अम्मा," मी म्हणाले. "बाजूच्या खोलीतून आला होता. तुमचं मत पडलंच नाही. मला दिसलं होतं, आणि मी तुम्हाला हाक मारली नाही." मी मराठीतच बोलत होते हे मला नंतर कळलं. तिला समजलं. मी रडत होते, ते न समजण्यासारखं काही नव्हतं.

मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि मला वाटलं मी चुकीचं बघते आहे, कारण ती हसली.

"त एकर डहर नइ गिस," ती म्हणाली. म्हणजे याच्याकडे नाही गेलं. मुलानं महिनाभर तिच्या डोक्यात भरवलं होतं की तिच्या बोटानं तिलाच फसवलं. तसं झालं नव्हतं. मत कुठेच गेलं नव्हतं, आणि एवढ्यावर ती सुखावली होती. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि मुलाला हे कळू द्यायचं नाही असं मला दोनदा बजावलं.

चहा पिऊन मी उठले. ती दारापर्यंत पोचवायला आली नाही. तशीच उन्हात बसून राहिली. मी स्कूटी सुरू करणार तेवढ्यात तिनं मला हाक मारली. मोठ्यानं, सहज, मी तिला मारायला हवी होती तशी.

मी परत गेले. ती माझ्याकडे नाही, तलावाच्या पलीकडच्या बाजूला तोंड करून बसली होती.

"ओला एक त मिलतिस बेटी," ती म्हणाली. "शून्य नइ होतिस."

त्याला एक तरी मिळालं असतं. मी हो म्हणाले.